सोन्या, खिलार, प्रायोगिक

"वळूचं नाव सांगा," वाघमोडे म्हणाले.

"कसला वळू?"

"त्येच तर इचारतोय मॅडम. ह्यो रकाना मोकळा सोडता येत न्हाई."

पिंपळसोंडच्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो. मध्ये शासनाची नोंदवही. गोठवलेल्या रेतमात्रा, आवक. तारीख, वळूचं नाव, जात, क्रमांक, नग. माझ्या पायांशी ॲल्युमिनियमचा दहा लिटरचा कॅन होता आणि त्याच्या बुचाच्या कडेने पांढरी वाफ हळूहळू फरशीवर उतरत होती. आत बारा कुप्या होत्या आणि त्यांना बुडवून गोठलेलं ठेवणारा द्रव नायट्रोजन दुपारपर्यंतच पुरेल असा माझा अंदाज होता.

"मी फोनवर सांगितलं ना तुम्हाला? हे वळूचं काही नाही. माणसाच्या पेशी आहेत. हृदयाच्या उपचारासाठी."

वाघमोड्यांनी पेन खाली ठेवलं. ते तिथले पशुधन पर्यवेक्षक. पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, खिशाला तीन पेनं. "मॅडम, माणसाचं काय बी हितं ठेवलं तर माझी नोकरी जाईल. वळूचं असलं तर ठेवता येतंय. आता तुमीच सांगा, कुणाचं हाय?"

मी वाफेकडे बघितलं. "वळूचं."

"नाव?"

"तुम्हीच ठेवा."

त्यांनी जरा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: सोन्या. जात खिलार. क्रमांकाच्या जागी 'प्रायोगिक'. नग बारा. मग उठून त्यांनी आपल्या मोठ्या कॅनचं झाकण काढलं आणि माझ्या कुप्या जिल्ह्यातल्या नामांकित वळूंच्या शेजारी बुडवल्या.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा कराडच्या अलीकडे एका वैद्यकीय संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. डॉ. वत्सला उपळेकर माझ्या वरिष्ठ. हृदयविकाराचा झटका येऊन गेला की हृदयाचा एक भाग मरतो. माणसाच्या हाडांतल्या मज्जेतून घेतलेल्या पेशी तिथे जवळ ठेवल्या, तर त्यांच्यातून जे पाझरतं त्याच्या जोरावर उरलेला भाग तग धरतो, असं मॅडमचं म्हणणं होतं. नुसत्या पेशी शरीर टिकू देत नाही, म्हणून त्या खसखशीच्या दाण्याएवढ्या मऊ, पारदर्शक गोळ्यांमध्ये बंद करायच्या. अशा गोळ्या तयार करायला तीन आठवडे लागत आणि झटका आलेला माणूस काही तीन आठवडे थांबत नाही. म्हणजे त्या आधीच बनवून, गोठवून, वर्षानुवर्षं तयार ठेवता आल्या तरच त्यांचा उपयोग.

तिथेच घोडं अडलं होतं. सुरुवातीला गोठवलेल्या कुप्या उघडल्या तेव्हा निम्म्याहून जास्त गोळ्या बर्फाने तडकलेल्या निघाल्या. मग मॅडमनी अतिशय सावकाश गोठवण्याची स्वतःची एक रीत बसवली. या बारा कुप्या त्या रीतीच्या. दहा वर्षं पुरी झाल्यावर त्या उघडायच्या असं कागदोपत्री ठरलं होतं, आणि त्यातली एकही तोवर कुणी उघडून बघितली नव्हती. दरम्यान मॅडम निवृत्त झाल्या, प्रकल्पाचा निधी थांबला, आणि संस्थेतले लोक त्या टाकीला 'उपळेकरबाईंचा फ्रीज' म्हणायला लागले. ती टाकी भरत राहणं एवढंच माझ्याकडे उरलेलं काम. दहा वर्षांना पाच आठवडे बाकी होते.

आणि त्या सोमवारी सकाळी टाकीला बाहेरून घाम फुटलेला दिसला. टाकीच्या दुहेरी भिंतीतल्या निर्वात पोकळीत हवा शिरली की असं होतं. आतला नायट्रोजन भराभरा उडून जात होता. टँकरवाल्यांच्या संपाचा तो सहावा दिवस. नायट्रोजन देणाऱ्या एजन्सीने हात वर केले. संचालक म्हणाले, "बाई, बारा कुप्यांसाठी मी हेलिकॉप्टर मागवू का?"

मग मला आठवलं की गाईम्हशींसाठीच्या रेतमात्रा, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्यही, याच नायट्रोजनमध्ये ठेवतात. मी जनावरांच्या दवाखान्यांना फोन लावत सुटले. चौथा फोन वाघमोड्यांनी उचलला. त्यांचा कॅन संपाच्या आदल्या दिवशीच भरून आला होता.

कुप्या आणि टाकीतला उरलासुरला नायट्रोजन मी कॅनमध्ये घेतला आणि सव्वीस किलोमीटर तो स्कूटीवर पायांत धरून नेला. प्रत्येक गतिरोधकाला बुचातून पांढरा लोट उठे. एका चहाच्या टपरीसमोर "बाई, गाडी पेटली तुमची!" असं ओरडत एक गृहस्थ धावत आले आणि त्यांनी बादलीभर पाणी माझ्या अंगावर ओतलं. मी त्यांचे आभार मानले आणि तशीच ओली पुढे गेले.

तर सोन्याची नोंद झाली. मी घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता वाघमोड्यांचा फोन.

"मॅडम, सोन्याला दाखवायचंय."

"कुणाला?"

"सोन्याला. मुजावर साहेब येत्यात अकराला. जिल्ह्यावरनं."

संपामुळे जिल्ह्यात नायट्रोजन पुरत नव्हता. म्हणून वरून हुकूम निघाला होता की प्रत्येक दवाखान्याचा साठा तपासा, ज्या मात्रांच्या वळूचा ठावठिकाणा नाही त्या ओतून टाका आणि उरलेल्या मोजक्या कॅनमध्ये एकत्र करा. डॉ. मुजावर हे काम करत फिरत होते. वाघमोड्यांनी आदल्या संध्याकाळी नियमाप्रमाणे फोनवर साठा वाचून दाखवला होता, सोन्यासकट. तिकडून प्रश्न आला होता की हा प्रायोगिक खिलार कोण, उद्या प्रत्यक्ष हजर ठेवा.

"तुमच्या गावात एखादा वळू असेल ना?"

"एकच हाय. त्यो काल बाजाराला गेला. तुमी या तर खरं. कायतरी करतो."

मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली एक पांढरंशुभ्र, देखणं जनावर उभं होतं. लांब, मागे वळलेली शिंगं, त्यांना हिंगूळ लावलेला, कपाळावर गोंडा. दोरी धरून एक म्हातारी उभी होती. हौसाक्का. बाजूच्या वस्तीवरची.

"हा वळू?" मी विचारलं.

"तसाच म्हना," वाघमोडे म्हणाले आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. "बैल हाय."

"बैल? म्हणजे..."

"व्हय. खच्ची केल्याला."

"साहेबांना कळणार नाही?"

"साहेबांचा गुडघा गेलाय. जीपमधनं उतरत न्हाईत. बसल्या जागेवरनं शिंगं बघत्यात आनि सही करत्यात."

हौसाक्का तिकडून ओरडली, "फोटू काडायचा म्हून आनलाय, धा मिन्टात सोडा! कुळव मारायचाय मला!"

सव्वाअकराला जीप आली. दार उघडलं. आधी एक काठी बाहेर आली, मग मुजावर साहेब. उंच, सडपातळ, सगळे केस पांढरे. ते काठी टेकत सरळ बैलाकडे गेले. वाघमोड्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

साहेबांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. दात बघितले. एक पूर्ण फेरी मारली. मागच्या बाजूला थांबले, काठीवर भार देऊन जरा वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"नाव?"

"सोन्या, साहेब."

तेवढ्यात बैलाने माशी हाकलायला पाय आपटला. हौसाक्काने दोरीला हिसका दिला. "ए पाखऱ्या! नीट हुबा ऱ्हा!"

साहेबांनी वाघमोड्यांकडे बघितलं.

"घरचं नाव पाखऱ्या साहेब. कागदावर सोन्या."

"स्वभाव कसा आहे, आक्का?" साहेबांनी विचारलं. "मारका?"

"न्हाई वो, लई गरीब. पयला लई आंगावर यायचा. दोन वर्सामागं ह्याच वाघमोड्यानं चिमटा लावला, तवापास्नं लेकरावानी ऱ्हातोय."

वाघमोडे नखं बघू लागले. साहेब हौसाक्काला म्हणाले, "बैल घेऊन जा, आक्का. काम झालं."

"फोटू?"

"मनात काढला."

ती पाखऱ्याला घेऊन निघून गेली. आम्ही तिघं आत आलो. साहेबांनी खुर्चीत बसून दुखरा पाय समोर लांब केला आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

मी सगळं सांगितलं. टाकी, संप, मॅडम, गोळ्या. खोटं बोलायची माझी ताकद संपली होती आणि बैल गेल्यावर खोट्याला काही आधारही उरला नव्हता. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर ते म्हणाले, "आज सकाळपासून मी तीन ठिकाणचे कॅन ओतलेत. सगळ्या जातिवंत वळूंच्या मात्रा होत्या, फक्त कागद अपुरे. एका ठिकाणी तर तिथला कर्मचारी माझ्यासमोर रडला. आता हे तुमचं मी का ठेवू?"

"कारण ते जिवंत आहे."

"कशावरून?"

मी वाघमोड्यांच्या कॅनकडे बघितलं.

"दहा वर्षांत एकदा तरी काढून बघितलंय?"

"नाही."

"मग तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"एक काढा. बघू."

"पाच आठवड्यांनी उघडायच्या आहेत, साहेब. त्याची रीत आहे. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, वेगळी खोली..."

"माझ्याकडे पाच आठवडे नाहीत. दोन वाजता मला पुढचा दवाखाना आहे. एक उघडा, नाहीतर मी बारा ओततो."

मी मॅडमना फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. त्या काय म्हणतील ते मला ठाऊक होतं: हात लावू नकोस. आणि मग साहेब ओतणार. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वाघमोड्यांना म्हटलं, "पाणी गरम करा. सदतीस अंश."

"त्ये तयारच असतंय," वाघमोडे म्हणाले. वळूच्या मात्राही ते तेवढ्याच ऊन पाण्यात उबवत.

मी कुपी काढली. ती पाण्यात धरून हळूहळू हलवली. आतला बर्फ आधी कडेने सुटला, मग मधोमध एक पांढरा खडा राहिला, मग तोही गेला. गाईंना लावायच्या सलाइनच्या बाटलीतून मी पाणी घेतलं आणि थेंबथेंब घालत गोळ्या धुतल्या. त्या तळाशी बसल्या. उजेडात धरल्या. गोल होत्या, तडा नव्हता. पण नुसतं गोल असून काय उपयोग? आत काय आहे ते कळायला हवं.

"इओसिन आहे ना?" साहेबांनी विचारलं.

वाघमोड्यांनी गुलाबी बाटली पुढे केली. वीर्य तपासताना ते हाच रंग घालत. मेलेली पेशी रंग आत घेते आणि गुलाबी होते, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. साहेबांनी दोन गोळ्या काचेवर घेतल्या, रंगाचा थेंब टाकला, वरून दुसरी काच ठेवून अंगठ्याने अलगद दाबली आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"हलत नाही काही," ते म्हणाले.

"त्या हलत नसतात, साहेब."

"तीस वर्षं मी हलेल तेवढंच जिवंत म्हणून लिहीत आलो." त्यांनी स्क्रू फिरवला. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. शेवटी ते डोळा न हलवता म्हणाले, "वाघमोडे, कागद घ्या. मी सांगतो तसं लिहा. पांढरी. पांढरी. गुलाबी. पांढरी."

वाघमोड्यांना दुसरा कागद सापडेना, म्हणून त्यांनी नोंदवहीच्याच समासात रेघा मारायला सुरुवात केली. "पांढरी. पांढरी. पांढरी. गुलाबी." दार ढकलून कुणीतरी डोकावलं. हातात दोरी आणि मागे गाय असलेला एक माणूस.

"साहेब, मघाशी त्यो पांढरा वळू हुता, त्येचंच भरा माझ्या गाईला. असला खिलार बघितला न्हाई मी."

"त्याचं नाही मिळणार," साहेब वर न बघता म्हणाले. "पांढरी. पांढरी."

"का? शिल्लक न्हाई?"

"शिल्लक आहे, पण ते हृदयासाठी आहे. पांढरी. गुलाबी."

तो माणूस जरा उभा राहिला, काहीतरी पटल्यासारखी मान हलवली आणि गाय घेऊन गेला. दोनशे झाल्यावर साहेब उठले आणि मला म्हणाले, "आता तुम्ही मोजा. माझा आकडा विचारू नका."

मी डोळा लावला. काचेला कडेने बुरशी होती, मध्ये एक ओरखडा. त्या ओरखड्याच्या पलीकडे, फिकट गुलाबी पाण्यात, पेशी पसरलेल्या होत्या. स्वच्छ, पांढऱ्या, चकचकीत. दहा वर्षं मी त्यांना भरवत आले होते आणि त्या दिसतात कशा ते मला आज कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं की मायक्रोस्कोपमध्ये सगळं विरघळतं. मला दोनदा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

दोनशेमध्ये माझ्या एकशे एकसष्ट निघाल्या, साहेबांच्या एकशे त्रेसष्ट.

"शंभरात एक्क्याऐंशी," साहेब म्हणाले. त्यांनी नोंदवही ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'सोन्या, खिलार, प्रायोगिक. हालचाल शून्य. जिवंत प्रमाण ८१ टक्के. पुढील आदेशापर्यंत नष्ट करू नये.' खाली सही, तारीख, शिक्का. वळूची प्रत्यक्ष पडताळणी या रकान्यात 'केली' असंही लिहिलं. ते खोटं नव्हतंच.

जीपपाशी जाताना त्यांनी वाघमोड्यांना सांगितलं, "या कॅनमधला नायट्रोजन दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. माझं नाव सांगा."

जीपमध्ये बसताना गुडघा दुखला म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि दार लावून घेतलं.

पुढे सगळं रीतसर झालं. संप मिटला, टाकी बदलून आली, पाच आठवड्यांनी स्वच्छ खोलीत चांगल्या यंत्राखाली कुप्या उघडल्या गेल्या आणि त्याचे आकडे छापूनही आले. त्या निबंधात कुप्या अकरा आहेत. वर्षभराने वाघमोड्यांचा फोन आला की जिल्ह्यावरून पत्र आलंय, सोन्यापासून जन्मलेल्या वासरांची संख्या कळवा. त्यांनी 'निरंक' असं उत्तर पाठवलं होतं. त्यावर वरून विचारणा आली होती की अशा वळूवर शासनाने नायट्रोजन का खर्च करावा. त्याला काय उत्तर द्यायचं ते ते मला विचारत होते.

पण या सगळ्याआधी, संप मिटला त्या संध्याकाळी, मी मॅडमकडे गेले. त्या ओसरीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि टाकीपासून मुजावर साहेबांपर्यंत सगळं सांगितलं. बैलाच्या वेळी त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. शेंगा सोलत राहिल्या.

"मायक्रोस्कोप कुठला?"

"दवाखान्यातला. काचेला बुरशी होती."

"धुतल्या कशात?"

"सलाइनमध्ये. गाईच्या."

"मोजलं कुणी?"

"त्यांनी. मग मी."

"वेगवेगळं?"

"हो."

"हे मोजमाप धरता येणार नाही, कुंदा."

"माहीत आहे, मॅडम."

"एक कुपी वाया घालवलीस."

"हो."

त्यांनी चार शेंगा सोलल्या. दाणे ताटात पडण्याचा आवाज येत होता. मग खाली बघतच म्हणाल्या, "पाच आठवड्यांनी मी तुला थांब म्हणणार होते. काहीतरी कारण शोधून ठेवलं होतं. अकरा वर्षं होऊ दे, मग बारा होऊ दे. तू ऐकलं असतंस. मी जाईपर्यंत त्या तशाच राहिल्या असत्या."

मला वाटायचं, मॅडम दिवस मोजतायत. पण त्या तो दिवस लांबवत होत्या.

"किती म्हणालीस?"

"एक्क्याऐंशी."

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात पदराला पुसले.

"अजून एकदा सांग."

"शंभरात एक्क्याऐंशी, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. भिंतीला डोकं टेकलं.

"अजून एकदा."